अंगरंगाची कुळकथा

आषाढ सरत आला की मंडणगड तालुक्यात गणपतीच्या शाळा गजबजतात. घराघरांतून पाट येतात, पडवीत फळ्या लागतात, मूर्ती घडतात, वाळतात, पांढऱ्या हाताखाली येतात. मग रंगकाम. शाळेत नव्याने आलेल्या पोराला सोंडेजवळ किंवा डोळ्यांजवळ कोणी फिरकू देत नाही. त्याला आधी रंग कालवायला बसवतात, आणि त्याची पहिली परीक्षा असते अंगरंगाची.

पांढऱ्यात पिवळा, त्यात लाल अगदी थेंबाने. लाल जास्त झाला की गणपती उन्हात करपल्यासारखा दिसतो, कमी पडला की कावीळ झाल्यासारखा. रंग करवंटीत ओला असताना गडद वाटतो आणि वाळल्यावर बदलतो, म्हणून पोराने आधी फळीच्या कडेला बोट ओढून तो वाळू द्यायचा, मगच मूर्तीवर न्यायचा. हा सपाट हात झाला की खरे काम उरते. सोंडेच्या वळ्या, पोटाची घडी, कोपराचा खळगा, बोटांच्या फटी, इथे अंगरंगाचाच गडद हात फिरवायचा. आणि इथे शाळेचा कडक नियम: गडद करायला काळा घालायचा नाही. काळ्याने अंग मळते. लाल थोडा वाढवायचा आणि निळ्याचा एक ठिपका टाकायचा.

हा नियम कुठून आला, हा माझा ध्यास आहे. उत्तराचा धागा मला रंगाच्या पुस्तकात सापडला नाही. तो सापडला बाणकोटला, एका इंग्रज बाईच्या थडग्यापाशी.

बाणकोटच्या किल्ल्याजवळ आर्थर मॅलेटच्या बायकोचे आणि तान्ह्या मुलीचे थडगे दाखवतात. सावित्रीच्या मुखाशी त्यांची नाव बुडाली, आणि नंतर मॅलेट महाबळेश्वरच्या कड्यावर बसून त्याच सावित्रीच्या खोऱ्याकडे बघत राही, म्हणून त्या जागेचे नाव आर्थर सीट, असे सांगतात. नावाबद्दल दुसरे मतही आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांच्याशी कोणी ते जोडतात. तो वाद महाबळेश्वरकरांनी मिटवावा. माझे लक्ष गेले ते गोष्टीबरोबर सांगितल्या जाणाऱ्या सालाकडे. गड-किल्ल्यांवरच्या लिखाणात ही दुर्घटना १७९१ च्या सुमाराची म्हणून छापली जाते.

हे साल टिकूच शकत नाही. आर्थर हा सर चार्ल्स मॅलेट यांचा मुलगा. चार्ल्स मॅलेट म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, आणि त्याचे लग्न झाले १७९९ मध्ये. १७९१ साली आर्थरचा जन्मही झाला नव्हता, मग बायको आणि मुलगी कुठली? थडगे एकोणिसाव्या शतकातलेच असणार. पण चुकीच्या सालालाही बाप असतो. १७९१ हे मॅलेट घराण्याच्या गोष्टीत खरोखरच मोठे साल आहे: त्या वर्षी जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार मुंबई बंदरात उतरला. चार्ल्स मॅलेटने पुढे जिच्याशी लग्न केले ती सुझॅना ह्याच वेल्सची मुलगी. म्हणजे बाणकोटला जिचे थडगे आहे ती चित्रकार वेल्सची नातसून.

आता बाणकोटहून वेळासला चला. दोन्ही गावे मंडणगड तालुक्यातली, एकमेकांना लागून. वेळास आज कासवांसाठी नावाजलेले आहे, पण त्याआधी ते भानूंचे गाव. सिद्दीच्या जाचामुळे श्रीवर्धनचे भट कोकण सोडून निघाले तेव्हा त्यांना आसरा दिला तो वेळासच्या भानूंनी, आणि दोन्ही घराणी मिळून घाटावर गेली. भटांचे पेशवे झाले, भानूंचे फडणीस. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे नाना फडणीस, ह्याच घराण्यातले. वेल्स १७९२ मध्ये पुण्याला पोचला आणि त्याने सवाई माधवरावांचे तैलचित्र रंगवले, त्यात शेजारी नाना बसलेले आहेत.

एका तालुक्यातल्या शेजारच्या दोन गावांत एका चित्राची दोन टोके सापडतात: चित्रात बसलेल्या माणसाचे मूळ घर आणि चित्र काढणाऱ्याच्या नातसुनेचे थडगे. योगायोग म्हणून सोडून देता आला असता. मी सोडला नाही, कारण त्या चित्राभोवतीच आपल्याकडच्या रंगशिक्षणाची एक विसरलेली गोष्ट आहे.

मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची सोय झाली. मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ चे. त्याच्या आधी साठाहून अधिक वर्षे मराठी माणूस विलायती पद्धतीने रंग कालवायला शिकत होता. त्यातला सर्वांत ठसठशीत माणूस गंगाराम चिंतामण तांबट. त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, वेरूळची लेणी काढली. मॅलेटने वेरूळवर जो निबंध लिहिला त्याला गंगारामच्या चित्रांचा आधार होता. त्याची अनेक चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

गंगारामच्या लेण्यांच्या चित्रांत एकच शाई पाण्याने पातळ करत नेलेली दिसते. उजेडाच्या बाजूला कागद जवळजवळ कोरा, मग एक फिका हात, तो वाळल्यावर दुसरा, खांबाच्या मागे तिसरा. रंग बदलत नाही, त्याचे पाणी बदलते. गणपतीच्या शाळेतला पोरगा सोंडेच्या वळीत नेमके हेच करतो: अंगरंग तोच, हात गडद.

इथे पहिला विरोधी पक्ष उभा राहतो, आणि तो भक्कम आहे. रंग मिसळणे आपल्याला साहेबाने शिकवले काय? मुळीच नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, आपल्याच दख्खनमधला. त्यात शुद्ध रंग वेगळे आणि मिश्र रंग वेगळे सांगितले आहेत. शंखाचा पांढरा, हिंगुळाचा आणि लाखेचा लाल, गेरू, हरताळाचा पिवळा, काजळाचा काळा. हरताळ आणि नीळ मिळून हिरवा, काजळात शंख घालून धुरकट. त्याच्याही आधी ‘विष्णुधर्मोत्तरा’तल्या चित्रसूत्राने पाच मूळ रंग मानले आणि त्यांच्या मिश्रणाने शेकडो होतात असे म्हटले. छायेसाठी ‘वर्तना’ हा शब्द देऊन तिचे तीन प्रकारही सांगितले. अजिंठ्याच्या भिंतीवर ती वर्तना डोळ्यांना दिसते.

शास्त्र कशाला, कोकणातले घर घ्या. भिंतीला चुना काढताना त्यात चिमूटभर नीळ टाकायची हे प्रत्येक आजीला ठाऊक. चुना पिवळट असतो, नीळ ते पिवळेपण मारते आणि भिंत पांढरीशुभ्र दिसते. विरोधी रंगांचा सिद्धांत शेव्हरलसारख्या फ्रेंच रसायनज्ञाने १८३९ मध्ये पुस्तकात मांडला. आपल्या पडव्यांना तो शिकवावा लागला नाही. गंमत अशी की बाजारात पुडीने मिळू लागलेली स्वस्त नीळ मात्र पुष्कळदा फ्रेंच शोधाचीच: गिमेने १८२० च्या दशकात कृत्रिम अल्ट्रामरीन बनवले आणि ते जगभरच्या धुण्यात आणि चुन्यात गेले. शाळेत अंगरंगात पडणारा निळ्याचा ठिपका ह्याच पुडीतून आला, असे मी धरून चालतो. पुडी घरात होतीच, आणि ती पिवळेपण मारते हेही घरात ठाऊक होते.

तेव्हा मिश्रण आपलेच. मग उसने काय घेतले? उसनी घेतली ती उजेडाची बाजू. अजिंठ्याची वर्तना गोलाई दाखवते. उजेड कुठल्या खिडकीतून येतो हे ती विचारत नाही. वेल्सच्या चित्रात उजेड एका बाजूने येतो, आणि चेहऱ्याची दुसरी बाजू त्या हिशेबाने गडद होते. शिवाय अजिंठ्यापासून पेशवाईपर्यंत सरळ धागा जोडता येत नाही. ती लेणी १८१९ मध्ये एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस पडली तोवर रानाआड होती.

ह्या फरकाचा उत्तम साक्षीदार म्हणजे नानाच. वाईजवळ मेणवलीला त्यांचा वाडा आहे आणि त्यात भित्तिचित्रे आहेत. ठाम रेषा, सपाट रंग, लाल तो लाल आणि हिरवा तो हिरवा. शनिवारवाड्याच्या भिंतींसाठी जयपूरकडचा भोजराज आणला गेला तीही हीच परंपरा. ह्या भिंतींमध्ये वावरणारा माणूस वेल्ससमोर बसला आणि आपल्याच गालावर छाया पडलेली त्याने कॅनव्हासवर पाहिली. दोन्ही रंगपद्धती एका माणसाच्या आयुष्यात भेटल्या, आणि तो माणूस वेळासच्या भानूंचा.

दुसरा पक्ष म्हणेल, विलायती रंग आधी गोव्यात आणि वसईत आला, पोर्तुगिजांच्या चर्चमधून, पेशवाईच्या दोनशे वर्षे आधी. खरे आहे. पण तो देवळांच्या शेजारी राहूनही देवळांत गेला नाही. सावंतवाडीची गंजिफा पाहा, पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी पाहा. गोव्याच्या हाकेच्या अंतरावर असूनही दोन्हींत रंग सपाट आहे. अंतराने कला झिरपत नाही. तिला घरात घेणारा कोणीतरी मोठा माणूस लागतो.

वेल्स १७९५ मध्ये वारला, नाना १८०० मध्ये गेले, १८१८ ला पेशवाईच बुडाली. शनिवारवाड्यातली शिकवणी तिथेच मेली, असे म्हणणारे म्हणतील. माझा तर्क वेगळा आहे. शिकवणी विझली, पण नानांचा तो छाया असलेला चेहरा टिकला. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह पुण्यात चित्रशाळा काढली. रामपंचायतनाबरोबर पेशवाईतले पुरुषही तिथे रंगीत छापले गेले, त्यांत नाना होते. शिळेवरच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागते. पिवळ्यावर लाल, लालावर निळ्याचे बारीक ठिपके, आणि डोळा त्यांचे मिश्रण करून गाल बनवतो. छायेत काळ्याऐवजी निळा, हा शाळेचा कडक नियम मला इथे शिळेवर लिहिलेला दिसतो. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि देवांना तशाच गुलाबी कांतीचे अंग मिळाले. मुंबईच्या गिरणीत कामाला गेलेला कोकणी माणूस ही चित्रे घेऊन गावी आला आणि ती देव्हाऱ्यावर लागली. त्यांच्याखाली बसून मूर्ती रंगवणाऱ्याने काय पाहिले असेल, हे सांगायला नको.

ह्याचा पुरावा मूर्तीच देते. मूर्ती गोल आहे. तिच्या वळीत सावली आपोआप पडते. मग त्या वळीत पुन्हा रंगाने सावली का घालायची? मातीला तिची गरज नाही. सावली रंगवावी लागते ती कागदाला, कारण कागद सपाट असतो. आपले जुने गणपती पाहा: शेंदराचा एकच हात, अंगभर सारखा. वळीत सावली रंगवलेला गणपती हा चित्रावरून उतरलेला गणपती आहे. ज्या दिवशी कोकणातल्या मूर्तिकाराने पोटाच्या घडीत गडद हात फिरवला, त्या दिवशी त्याच्या डोळ्यांपुढे मूर्ती नव्हती, तसबीर होती.

राहिला जे. जे. चा पक्ष. तिथून ड्रॉइंग मास्तर निघाले, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आल्या, रंगचक्र आले, दांडेकरांची १९३१ पासूनची कंपनी पुढे कॅमलचे रंग घेऊन शाळाशाळांत पोचली. आज मंडणगडच्या वर्गात मूल ‘प्राथमिक’, ‘दुय्यम’ आणि ‘विरोधी’ रंग शिकते ते ह्याच वाटेने. पण गणपतीच्या शाळेतला कारागीर परीक्षेला बसून रंग शिकला नाही. तो बापाच्या करवंटीतून शिकला, आणि त्या करवंटीत तसबिरीतला रंग आधीच उतरला होता.

आता स्प्रे गन आली आहे, आणि अंगरंग बाटलीत तयार मिळतो. वेळ वाचतो, मूर्ती एकसारख्या होतात. पण तयार बाटली वापरणाऱ्या पोराला लाल थेंबाने का घालायचा आणि काळा का टाळायचा हे कधीच कळत नाही, आणि बाटली संपली की त्याचे हात थांबतात. म्हणून मंडणगडच्या शाळांनी निदान नव्या पोराला पहिल्या हंगामात बाटली देऊ नये. आणि चित्रकलेच्या पाठ्यपुस्तकांनी महाराष्ट्रातले रंगशिक्षण १८५७ पासून सुरू करणे सोडावे. ते शनिवारवाड्यात सुरू झाले, आणि त्याला दार उघडून देणारे घराणे ह्या तालुक्यातले होते.