बगदादची तलवारींची कमान : पाडायची की ठेवायची?

बगदादच्या परेड मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक कमान आहे. जमिनीतून वर आलेले दोन प्रचंड हात, हातांत तलवारी, आणि सुमारे 40 मीटर उंचीवर त्या तलवारी एकमेकींना छेदतात. तिला ‘विजय कमान’ म्हणतात. ‘कादिसियाच्या तलवारी’ हेही तिचेच नाव.

खरी मेख या नावातच आहे. कादिसियाची जंग इ.स. 636 च्या सुमारास झाली. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली मुस्लिम फौजेने इराणच्या सासानी बादशाहीचा पराभव केला. सद्दाम हुसेनने 1980 मध्ये इराणशी युद्ध सुरू केले आणि त्याला ‘सद्दामची कादिसिया’ म्हणायला लावले. पण यावेळी समोर सासानी नव्हते. दोन्हीकडे कलमा पढणारेच होते. 8 वर्षांत लाखो माणसे गेली, सरहद्द होती तिथेच राहिली. मग विजय कसला?

शिल्पकार खालिद अल-रहाल यांनी आराखडा केला, त्यांच्या इंतकालनंतर मोहम्मद गनी हिकमत यांनी काम पुरे केले. हात सद्दामच्याच हातांच्या साच्यावरून घडवले. पायथ्याशी जाळ्यांत इराणी सैनिकांची हजारो हेल्मेटं ठेवली; काहींना गोळ्यांची भोकं होती. 1989 मध्ये उद्घाटनाला सद्दाम पांढऱ्या घोड्यावरून कमानीखालून गेला.

9 एप्रिल 2003 रोजी फिरदौस चौकातला सद्दामचा पुतळा पडला, ते साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिले. तो पुतळा जेमतेम एक वर्ष जुना होता हे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्याच चौकात आधी रिफअत चादिरजी यांचे अनाम सैनिकाचे स्मारक होते. साधी, सुंदर कमान. ती 1982 मध्ये सद्दामच्याच राजवटीत पाडली गेली. त्याही आधी, 1958 च्या क्रांतीत, जमावाने बादशहा फैसल पहिले आणि इंग्रज जनरल मॉड यांचे पुतळे पाडले होते. म्हणजे बगदादला हे नवीन नाही.

तलवारींची कमान मात्र वाचली. फेब्रुवारी 2007 मध्ये नूरी अल-मालिकी सरकारच्या समितीने ती उतरवायला सुरुवात केली, हाताचे काही तुकडे कापलेही. मग विरोध झाला आणि काम थांबले. गंमत म्हणजे विरोधकांत कनान मकिया यांची संस्थाही होती. याच मकियांनी सद्दामच्या काळात टोपणनावाने या कमानीवर कडक टीकेचे पुस्तक लिहिले होते. त्यांचे म्हणणे सरळ होते : जुलमाचा पुरावाच काढून टाकला तर पुढच्या पिढीला दाखवणार काय? पण ज्या घरातला मुलगा त्या युद्धातून परत आलाच नाही, त्या घराला ते हात रोज बघायला लावणे कितपत बरोबर, हा सवालही तितकाच खरा आहे. माझ्या मते कमान ठेवावी. पण ‘विजय’ हा शब्द काढून तिथे दोन्ही देशांच्या मृतांची नोंद लिहावी.

2011 मध्ये सरकारने उलट डागडुजीच सुरू केली.

तहरीर चौकातल्या जवाद सलीम यांच्या ‘स्वातंत्र्य स्मारका’ची (1961) गोष्ट वेगळी. 14 कांस्य शिल्पांच्या त्या रांगेत आई आहे, कैदी आहे, सैनिक आहे; कुठल्या हुक्मरानाचा चेहरा नाही. राजवटी बदलल्या, ते तिथेच राहिले. ऑक्टोबर 2019 मध्ये नोकरी आणि स्वच्छ कारभार मागणाऱ्या तरुणांनी आपले तंबू त्याच्याच पायथ्याशी ठोकले.