सधन कंपनीचें दिवाळें

पूर्वीं व्यापारी बुडाला म्हणजे भर दिवसा दुकानांत दिवा लावून तो आपली अवस्था गांवास कळवी, असें सांगतात. देणें फेडण्याचें सामर्थ्य संपलें, याची ती उघड कबुली असे. परंतु २६ ऑगस्ट १९८२ रोजीं जी मॅन्व्हिल कंपनी दिवाळखोरीचा अर्ज घेऊन न्यूयॉर्कच्या न्यायालयांत आली, तिची तिजोरी रिकामी नव्हती. अमेरिकेंतील ॲस्बेस्टॉसच्या धंद्यांत ती अग्रगण्य होती. तिला भय होतें तें दाव्यांचें.

ॲस्बेस्टॉस हें तंतुमय खनिज आगीस दाद देत नाहीं. म्हणून आगबोटींत, बॉयलरांच्या व नळांच्या वेष्टनांत तें सढळ हातानें वापरलें गेलें. त्याची धूळ फुफ्फुसांत बसते, आणि रोग प्रकट होण्यास वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षें लागतात. दुसऱ्या महायुद्धांत गोदींत राबलेले तरुण उतारवयांत धापा टाकूं लागले. धोका कोणास ठाऊकच नव्हता, असेंहि म्हणतां येईना. कारण १९३५ सालचीं पत्रें पुढें उजेडांत आलीं, आणि या विषयाचा बोभाटा होऊं नये अशी धंद्यांतील वरिष्ठांची इच्छा होती, हें त्यांवरून दिसलें.

अर्जाच्या वेळीं सुमारें १६,५०० दावे चालू होते. एकंदर ५२,००० होतील व दोन अब्ज डॉलर लागतील, असा कंपनीचा अदमास होता. अर्जदार नादार असलाच पाहिजे, अशी अट १९७८ च्या अमेरिकन कायद्यांत नव्हती. अर्ज दाखल होतांच कंपनीवरील दावे जागच्या जागीं थांबले. कारखाने मात्र चालू राहिले! अर्ज काढून टाकावा, ही रोग्यांची मागणी न्यायालयानें १९८४ सालीं फेटाळली.

कंपनीची बाजू अगदींच पोकळ होती, असें नाहीं. जो आधीं निकाल मिळवील तो भरपाई घेऊन जाईल, आणि ज्याचा रोग अद्याप दडलेला आहे त्याच्या वांट्यास कांहींच उरणार नाहीं, हा प्रश्न खरा होता. म्हणून १९८८ सालीं स्वतंत्र विश्वस्त निधि स्थापून कंपनीचे बहुतेक शेअर त्यास दिले गेले, व कंपनी दाव्यांतून मोकळी झाली. पण मागण्या अपेक्षेबाहेर आल्या. दोनच वर्षांत निधीची रोकड आटली. १९९५ पासून शंभर डॉलरच्या मागणीस दहा डॉलर मिळूं लागले, २००१ पासून पांच.

तरीहि ही वाट रुळलीच. ऑक्सिकॉन्टिन हें अफूच्या जातीचें औषध विकणाऱ्या पर्ड्यू कंपनीनें २०१९ सालीं तीच धरली, आणि तिच्या मालक सॅक्लर कुटुंबानें तर स्वतः दिवाळें न काढतां दाव्यांपासून मुक्तता मागितली. जून २०२४ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती नाकारली. विरुद्ध मत देणाऱ्या चौघांस चिंता होती ती पीडितांच्या हातून जाणाऱ्या भरपाईचीच.