येळवस, देवीची झोप आणि कोयता



जगण्याचा वेग कमी केला की जगणं अधिक भरून पावतं, हा उपदेश आजकाल आपल्या कानावर रोज पडतो. सकाळी फोन लांब ठेवा, घास सावकाश चावा, आठवड्यातला एक दिवस स्वतःसाठी राखा. उपदेश वाईट नाही. पण त्यात एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते. थांबायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ठरवलं की थांबता येतं. आज आपण हे गृहीतक इतिहासाच्या बाजूनं तपासू. त्यासाठी फार लांब जायला नको, आपला धाराशिव जिल्हा बराचसा पुरेल.

युरोपात या विचाराला चळवळीचं रूप आलं ते १९८६ नंतर. रोममध्ये स्पॅनिश स्टेप्सजवळ मॅकडोनाल्ड्सचं दुकान निघालं, तेव्हा कार्लो पेत्रीनी आणि त्यांच्या सोबत्यांनी विरोध केला. त्यातून ‘स्लो फूड’ उभं राहिलं आणि १९८९ साली पॅरिसमध्ये त्याचा जाहीरनामा निघाला. सुरुवात जेवणापासून झाली, हे लक्षात ठेवा. आपलं पहिलं उदाहरणही जेवणाचंच आहे.

येळवस. इथं समोर बसलेल्यांना ती सांगायला नको, पण लांबून ऐकणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे वेळ अमावास्या, बोलीत येळवस. धाराशिव, लातूर, आसपासचा काही भाग आणि सीमेपलीकडचा कर्नाटक, असा तिचा पट्टा. नावात ‘वेळ’ दिसतो, त्यामुळे त्यातून काळाविषयी काहीतरी गहन काढायचा मोह होतो, विशेषतः तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्यांना. तो आवरावा. शब्द बहुधा कानडीतून आला आहे. कानडीत ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, आणि पलीकडे हिला ‘एळ्ळ अमावास्या’च म्हणतात. दुसरे लोक ‘एळु’ म्हणजे सात असं सांगतात, आणि ज्येष्ठापासून मोजलं तर ही खरोखरच सातवी अमावास्या भरते. कोणतंही खरं धरा. मुलूख दोन भाषांचा आहे, एवढं त्यातून नक्की होतं.

त्या दिवशी शेतात कडब्याची कोप करतात. आत चुन्यानं रंगवलेले दगड मांडतात, ते पाच पांडव. त्यांची पूजा होते, पिकावर अंबिल शिंपडतात आणि मग जेवण. आंबट चुका, हिरवे दाणे, शेंगा आणि मिळतील त्या भाज्या घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, खीर आणि मडक्यातली ताकाची अंबिल. शेत नसलेल्याला शेत असलेला बोलावतो. वाटेनं जाणारा अनोळखी माणूसही जेवल्याशिवाय पुढं जात नाही. दुपारी शहरात जाऊन बघा, बाजारपेठ ओस पडलेली असते. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, पण ती सुट्टी कागदावर यायच्या कितीतरी आधीपासून लोक शेतात जात आले आहेत.

आता यातला मुद्दा पाहा. त्या दिवसांत शेतात काम नसतं असं नाही. तूर काढणीला आलेली असते, ज्वारी-हरभऱ्याची राखण असते. काम असताना थांबायचं ठरलेलं असतं, आणि ते एकट्यानं ठरवलेलं नसतं. सगळं शिवार थांबतं, म्हणून एकेकाला थांबता येतं. एरवीच्या अमावास्येलाही जुन्या शेतकऱ्यांच्यात औत धरत नसत, पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मालकाला घाई असली तरी त्या दिवशी सालगड्यालाही औत जुंपायला सांगता येत नसे, कारण अख्खा गाव बघत असे. अमावास्येचं भय म्हणा, श्रद्धा म्हणा, अंधश्रद्धा म्हणा. त्या भयानं बैलाला आणि गड्याला महिन्यातून एक दिवस मिळत होता, आणि तो मागावा लागत नव्हता.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. येळवशीचा स्वयंपाक मध्यरात्रीपासून सुरू होतो आणि तो बायका करतात. शिवार थांबतं, चूल थांबत नाही. जुन्या सावकाश जगण्याचे गोडवे गाताना हे विसरण्याची आपल्याकडे रीत आहे.

याच जिल्ह्यात थांबण्याचं याहून नवलाचं एक उदाहरण आहे. तुळजापूरची भवानी झोपते. तिची मूर्ती चल आहे, त्यामुळे सिंहासनावरून उचलून ती पलंगावर निजवता येते. वर्षातून तीन वेळा ही मंचकी निद्रा असते, एकूण सुमारे २१ दिवस. शारदीय नवरात्राआधीची घोरनिद्रा, दसऱ्याचं सीमोल्लंघन झाल्यावर पौर्णिमेपर्यंतची श्रमनिद्रा, आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधीची मोहनिद्रा. दसऱ्याच्या वेळचा पलंग आणि पालखी दरवर्षी नगर भागातून येते. यातली श्रमनिद्रा आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. महिषासुराशी लढून देवी दमली, म्हणून झोपली. जगातल्या पुष्कळ तत्त्वचिंतकांनी ईश्वर कल्पिला तो न थकणारा, अविकारी. आपल्या लोकांनी आपल्या देवीला दमू दिलं, आणि तिच्या दमण्याला पंचांगात तिथ्या नेमून दिल्या. मोठ्या कामाआधी झोप आणि मोठ्या कामानंतर झोप, दोन्ही.

मग हे पंचांग कुठं तुटलं? गाव सोडून माणूस गिरणीत गेला तिथं. गिरणीला अमावास्या कळत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात कामगार पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राबत होते आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांना एकत्र केलं आणि ज्या मागण्या मांडल्या त्यांत साप्ताहिक सुट्टी होती. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही मुद्दा तेव्हा मांडला गेल्याचं सांगतात. गावाकडं जो दिवस न मागता मिळत होता, तो शहरात सहा वर्षं भांडून मिळवावा लागला. आपण आज ज्या रविवारी ‘स्वतःसाठी वेळ’ काढतो, तो असा आलेला आहे. तो कुणी ध्यान लावून मिळवलेला नाही.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचे धुराडे पेटतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. बीड, धाराशिव आणि आसपासच्या तालुक्यांतून नवरा-बायको अशी जोडी, तिलाच ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाते. माणसाला हत्याराचं नाव पडावं, याहून वेगळी साक्ष कशाला हवी? मजुरी टनावर. एक दिवस काम चुकलं तर ‘खाडा’, म्हणजे मजुरी तर जातेच, वर उचलीत भर पडते. मार्गशीर्षातली अमावास्या बरोबर हंगामाच्या मध्यात येते. म्हणजे येळवशीच्या दिवशी आपण कोपीत भज्जी खात असतो, तेव्हा या जिल्ह्यातली कितीतरी माणसं दुसऱ्याच्या फडात असतात. कोपी त्यांच्याही असतात, पण त्या राहण्याच्या.

खाड्याची किंमत कुठवर जाते, हे २०१९ साली सगळ्यांना कळलं. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण फार मोठं असल्याचं पुढं आलं. राज्य शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कारणं अनेक होती, डॉक्टरांचा लोभ होता, भीती घातली जात होती. पण त्यांतलं एक कारण पाळीच्या दिवसांत पडणारा खाडा हेही होतं. महिन्यातले दोन-तीन दिवस थांबता येऊ नये म्हणून शरीराचा भाग काढायचा! या बाईपुढं ‘सावकाश जगा’ हे वाक्य कुणी उच्चारून दाखवावं.

अ‍ॅरिस्टॉटलनं फुरसतीला चांगल्या जगण्याचा पाया मानलं. फुरसतीला ग्रीक शब्द ‘स्खोले’, त्यातूनच पुढं ‘स्कूल’ आला. चाळीस वर्षं वर्गात हे सांगताना पोरं हसायची, शाळेत कसली फुरसत म्हणून. पण अथेन्सची फुरसत गुलामांच्या कामावर उभी होती आणि अ‍ॅरिस्टॉटलला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या चहातली साखर कुठून येते, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. आणि फक्त साखरच नाही. पुण्यात दहा मिनिटांत दारात पिशवी आणून देणारा पोरगा अनेकदा आपल्याच परंड्या-भूमचा असतो. त्यालाही मोबदला ऑर्डरवर मिळतो, म्हणजे टनावरच म्हणा. आपली सवड त्याच्या घाईतून निघते.

मग करायचं काय, असं व्याख्यानानंतर विचारलं जातं, म्हणून आधीच बोलून घेऊ. साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात ठरावीक वर्षांनी करार होतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्के वाढून टनाला ३६६ रुपये झाला. वाढ हवीच होती. पण दराच्या शेजारी दिवसही मागता येतो, हे लोखंड्यांनी दाखवून ठेवलं आहे. महिन्याची एक अमावास्या, पूर्ण मजुरीसह, खाड्याविना. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरा, तर दिवसाचे ७३२ रुपये. सहा महिन्यांचा हंगाम धरला तरी सहा अमावास्या, ४,३९२ रुपये. पुढचा करार होईल तेव्हा हा आकडा टेबलावर ठेवायला हरकत नाही, आणि त्यातली एक अमावास्या मार्गशीर्षातली असेल.