कृष्णाकाठचे बंद रूळ आणि मिरजेचे हमाल

सांगलीत 'स्टेशन चौक' नावाचा एक गजबजलेला चौक आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो. पण तिथे उतरून रेल्वे शोधू नका, आजचं स्टेशन वेगळीकडे आहे. चौकाच्या नावात उरलेलं स्टेशन सांगली संस्थानाच्या रेल्वेचं.

1876-78 च्या दुष्काळात दख्खनमध्ये धान्य वेळेवर पोचवता आलं नाही, लाखो माणसं मेली. त्यानंतर या भागात रेल्वे टाकण्याची घाई सुरू झाली आणि 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. पुणे-मिरज मार्ग या कंपनीने मीटर गेजवर, म्हणजे दोन रुळांत 1000 मिलिमीटर अंतर ठेवून बांधला. मिरजेपासून पुढे कोल्हापूरपर्यंतचा खर्च मात्र कोल्हापूर संस्थानाने उचलला. 3 मे 1888 ला शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला, तेव्हा महाराज जेमतेम तेरा वर्षांचे होते आणि कारभार त्यांच्या हाती यायला अजून सहा वर्षं होती. 1891 च्या एप्रिलमध्ये गाडी सुरू झाली. मिरज सोडली की कृष्णा ओलांडायची, जयसिंगपूर, मग आमचं हातकणंगले, आणि रुकडीपुढे पंचगंगा. दोन नद्यांच्या मधला हा प्रवास आजही तसाच आहे. 2019 च्या महापुरात हाच मार्ग बंद पडला होता.

पुण्याची मुख्य लाईन सांगलीला बाजूला ठेवून गेली होती. व्यापारी शहराला हे सोसणं कठीण. म्हणून सांगली संस्थानाने स्वतःच्या पैशाने मिरजेपर्यंत पाचेक मैलांचा फाटा टाकला, 1907 मध्ये. एका संस्थानाने राजधानी जोडली, दुसऱ्याने पेठ. कृष्णाकाठी रूळ कुठून जातील हे तेव्हा असं ठरायचं.

आता खरी गोष्ट मिरजेची. 1927 मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शी लाईट रेल्वेची नॅरो गेज, 762 मिलिमीटरची, मिरजेला येऊन भिडली. एका गेजचा डबा दुसऱ्या रुळावर चालत नाही. म्हणजे पंढरपूरकडून आलेलं प्रत्येक पोतं मिरजेत एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचं, तेही माणसाच्या पाठीवरून. 1971 च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉड गेज झाला. नवी मुख्य लाईन सांगलीतूनच नेली, त्यामुळे तो जुना फाटा निकामी झाला. पुस्तकांत याला प्रगती म्हणतात आणि ते खरंही आहे, मुंबईला जाताना पुण्यात गाडी बदलणं संपलं. पण गेजचा सांधा नाहीसा झाला नव्हता, तो पुण्याहून मिरजेला सरकला होता. बेळगाव-हुबळीकडची लाईन मीटर गेजच राहिली. पुढची वीसेक वर्षं मिरजेत तिन्ही गेज एकाच वेळी चालू होते. रेल्वेचे शौकीन त्याबद्दल कौतुकाने लिहितात. आमच्या घरात त्याचा अर्थ एवढाच होता की दादांना, म्हणजे अब्बांच्या वडिलांना, रोज काम मिळत होतं. ते हातकणंगल्याहून सकाळच्या गाडीने मिरजेला जायचे. खांद्यावर पडलेला घट्टा त्यांनी शेवटपर्यंत वागवला. मोठी गेज, छोटी गेज हे शब्द मी शाळेआधी त्यांच्या तोंडून ऐकले.

1990 च्या दशकात दक्षिणेची लाईन ब्रॉड गेज झाली, 2010 च्या आसपास पंढरपूरचीही. डबा थेट जाऊ लागला. व्यापाऱ्याचा वेळ वाचला, मालाची नासधूस थांबली. हमालांचं काय झालं, हे कुठल्या उद्घाटनाच्या भाषणात येत नाही. संस्थानिकांची नावं इतिहासात नोंदली गेली, इंजिनिअरांचीही थोडीफार. पाठीवर पोती वाहणाऱ्यांत हिंदू होते, मुसलमान होते, दलित होते. त्यांची यादी करायची तर आता घरोघर म्हाताऱ्यांना विचारत फिरावं लागेल, आणि तेही फार दिवस उरलेले नाहीत.

हातकणंगल्यात बसून आणखी एक लाईन आठवते, जी टाकलीच गेली नाही. यंत्रमागांचं शहर इचलकरंजी इथून आठ किलोमीटरवर. 2016-17 च्या रेल्वे अर्थसंकल्पात हा मार्ग घेतला गेला, नंतर फायद्याचा नाही म्हणून मागे पडला. सांगलीकरांनी 1907 मध्ये संस्थानाकडून जो फाटा मिळवला, त्याहून हा फार लांब नाही. इचलकरंजीचा प्रवासी अजून बॅग घेऊन आमच्या स्टेशनाबाहेर एसटीची वाट बघत उभा असतो.