मीठ, कर आणि दोन गुलाबी पक्षी

आजचा भाग मी जयपूरहून करतोय आणि विषय आहे किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचा. तुम्ही म्हणाल, जयपूरला समुद्र कुठून आला? समुद्र नाही, पण इथून साधारण ८० किलोमीटरवर सांभर आहे. देशाच्या अंतर्भागातलं खाऱ्या पाण्याचं सगळ्यांत मोठं सरोवर. हिवाळ्यात शिवडीच्या चिखलात किंवा ठाण्याच्या खाडीत दिसणारे कितीतरी पक्षी इथेही उतरतात. शेकाटे, चिखले, तुतवार आणि फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित.

गेल्या हिवाळ्यात मी सांभरच्या बांधावर उभा राहून वहीत लिहिलं, ‘छोटे रोहित, ४०’. शेजारच्या जाणत्या माणसाने दुर्बिणीतून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "ही मोठ्या रोहितांची पिल्लं आहेत." मी उंची आणि फिका रंग एवढंच पाहिलं होतं. चोच पाहिलीच नव्हती.

तर आधी फरक समजून घेऊ. मोठा रोहित उंच, अंगाने पांढरट-गुलाबी. चोच गुलाबी आणि टोक तेवढं काळं. छोटा रोहित बुटका, रंगाने जास्त गडद. त्याची चोच गर्द लाल असते आणि लांबून सगळीच काळी वाटते. पिल्लं मात्र दोन्हींची करडी, तिथेच माझ्यासारखे फसतात. हा फरक नुसता दिसण्याचा नाही. मोठा रोहित चिखलातले बारीक जीव, अळ्या खातो. छोटा प्रामुख्याने पाण्यातलं सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो. म्हणजे कोणता रोहित किती आला, यावरून पाण्यात काय पिकलंय याचा अंदाज येतो.

आता इतिहासाकडे वळू. सांभरवर जयपूर आणि जोधपूर अशा दोन दरबारांचा हक्क होता. इंग्रजांना त्यात रस होता तो मिठामुळे. चोरटं मीठ अडवायला त्यांनी वायव्येपासून ओरिसापर्यंत जकातीची रेषा आखली होती आणि तिच्या मोठ्या भागावर काटेरी कुंपण वाढवलं होतं. मीठ जिथे पिकतं तिथेच कर घेतला, तर एवढ्या कुंपणाची गरज उरणार नव्हती. म्हणून १८७० च्या सुमारास त्यांनी सांभरचा मीठ-व्यवहार भाडेपट्ट्याने आपल्याकडे घेतला. पुढे १८७९ मध्ये ती रेषाच मोडीत निघाली.

१८६७ ते १८७० या काळात या जकात खात्याचा आयुक्त कोण होता? ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तेच. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यामागचे ह्यूम. त्यांना पक्ष्यांचं जबरदस्त वेड होतं. १८७२ मध्ये त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्ष्यांना वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. त्यात १८७३ मध्ये सांभर आणि आसपासच्या पक्ष्यांवर एक दीर्घ टिपण आलं. लेखक आर. एम. ॲडम, मीठ खात्यातला अधिकारी. मिठावर लक्ष ठेवायला आलेला माणूस पक्ष्यांची नोंद करत बसला होता.

त्या काळी ओळख पक्की करायची रीत एकच. बंदूक. पक्षी मारायचा, हातात घेऊन मोजायचा, कातडं जपून ठेवायचं. ह्यूम यांनी १८८५ मध्ये असा सुमारे ८० हजार नमुन्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. आपल्याला आज ज्या नोंदी आधाराला लागतात, त्या मिठाच्या करावर आणि बंदुकीवर उभ्या आहेत. त्याच मिठाच्या कायद्याविरुद्ध १९३० मध्ये शिरोड्याला आणि वडाळ्याला आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवायचं कारण नाही.

पण मग आज या ओळखीचा उपयोग काय? नोव्हेंबर २०१९ आठवा. सांभरच्या काठावर हजारो पक्षी मरून पडले. सरकारी आकडा १८ हजारांच्या वर गेला. तपासणीत कारण निघालं बोट्युलिझम, एका जिवाणूचं विष. मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, अळ्यांत विष साठतं, त्या खाणारा पक्षी लुळा पडतो. मान उचलता येत नाही आणि तो उथळ पाण्यातही बुडतो. त्याच्या अंगात पुन्हा अळ्या. हे चक्र तोडायचं तर मेलेले पक्षी पटापट उचलावे लागतात आणि कोण मेलं हे नावानिशी लिहावं लागतं. किडे-अळ्या खाणारे किती, शेवाळ-वनस्पती खाणारे किती, यावरून विष कुठून येतंय याचा माग लागतो. वहीत नुसतं ‘पक्षी’ लिहिलं, तर हातात फक्त आकडा उरतो.

माझी ती ४० ची नोंद मी खोडली नाही. तिच्यावर रेघ मारून शेजारी खरं काय ते लिहिलं आणि तारीख टाकली. दीडशे वर्षांनी कुणी ती वही उघडली, तर चूकही दिसावी आणि दुरुस्तीही.

या हिवाळ्यात शिवडीला, ऐरोलीला, उजनीच्या काठावर किंवा मांडवीच्या मुखाशी गेलात, तर आधी चोच बघा. खात्री नसेल तर वहीत सरळ ‘रोहित, कोणता ते कळलं नाही’ असं लिहा. तीही नोंदच आहे.

भेटू पुढच्या भागात.