कवटीचे हाड परत बसविताना

सोलापूर-हैदराबाद महामार्ग धाराशिव जिल्ह्यातून नळदुर्ग व उमरगामार्गे जातो. येथील अपघातांत डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णास बहुधा सोलापूर किंवा लातूरला हलवावे लागते. धाराशिव शहरापासून सोलापूर सुमारे ७० किलोमीटर आहे आणि हा वेळ मोलाचा असतो. कवटी ही बंद पेटीच असल्याने आत रक्तस्राव झाला वा मेंदूला सूज आली, की दाब वाढतो. औषधांनी तो उतरत नसेल, तर शल्यचिकित्सक कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला जागा करून देतात.

काढलेले हाड चांगले असल्यास अतिशीत कपाटात जपतात किंवा रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली ठेवतात. हे ऐकून नातेवाईक चक्रावतात. परंतु या पद्धतीला ना शीतकपाट लागते ना वीज.

रुग्ण शुद्धीवर येऊन घरी परतला, की उपचार संपले असा समज होतो. वास्तविक निम्मे काम बाकी असते. उघड्या बाजूस मेंदूवर केवळ त्वचा व पातळ आवरण असते. त्या बाजूवर झोपणे टाळावे, पडण्यापासून जपावे, फिटची औषधे परस्पर बंद करू नयेत. सूज ओसरल्यावर तो भाग खोल जातो. काहींना उभे राहताच डोके दुखते, चक्कर येते, हातापायांतील शक्ती कमी होते. कवटी बुजविल्यानंतर यांपैकी काही रुग्णांत लक्षणीय सुधारणा दिसते. म्हणूनच ‘क्रेनिओप्लास्टी’ केवळ चेहरामोहरा सुधारण्यासाठी नसते.

सूज उतरली व जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाल्यावर, साधारणतः दीड ते सहा महिन्यांत ही शस्त्रक्रिया होते. स्वतःचे हाड उत्तम. मात्र ते कधी कधी, विशेषतः मुलांत, झिजून विरते. हाडाचा चुरा झाला असल्यास टायटॅनियमची जाळी, बोन सिमेंट किंवा सीटी स्कॅनवरून बेतलेला कृत्रिम तुकडा वापरतात. शेवटचा पर्याय महागडा आहे. नंतर ताप, जखमेतून पाणी, उलट्या, गुंगी किंवा फिट आल्यास रुग्णालय गाठावे.

बोलणे, स्मरणशक्ती व स्वभाव पूर्ववत होण्यास महिने, कधी वर्षे लागतात. रुग्णाची चिडचिड हा हट्ट नव्हे, दुखापतीचाच भाग असतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ दुसऱ्या शस्त्रक्रियेस मिळेल काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच विचारावे. हाड कोठे ठेवले आहे आणि पुन्हा कधी यायचे, याची डिस्चार्ज कार्डावर नोंद आहे ना, हेही निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.