पुरीची पांजी, गुरुवारची लक्ष्मी

शके १०२१, म्हणजे इ. स. १०९९ या वर्षी पुरीच्या शतानंद नावाच्या ज्योतिष्याने ‘भास्वती’ हा करणग्रंथ रचला. सिद्धांतग्रंथांतील अवजड आकडेमोड टाळून साध्या जोशालाही तिथी, नक्षत्र आणि ग्रहण काढता यावे, यासाठी असे करणग्रंथ लिहिले जात. शतानंदाने साठाव्या भागांऐवजी शतांशांत गणित मांडले आणि ते आणखी सुटसुटीत केले. ग्रंथ ओडिशाच्या सीमा ओलांडून उत्तर हिंदुस्थानात पोहोचला आणि त्यावर टीका लिहिल्या गेल्या. आज ओडिया घराघरांत जी पांजी, म्हणजे पंचांग, उघडून सणवार आणि उपासतापास पाहिले जातात, तिचा मागोवा घेताना नाव आणि साल दोन्ही ठाऊक असलेला पहिला मोठा टप्पा हाच. मात्र पांजीत नोंदलेले सण शतानंदाच्या गणिताची वाट पाहत थांबले नव्हते.

त्यांतला सर्वांत जुना थर सूर्याचा आणि शेतीचा असावा. एप्रिलच्या मध्याला मेष संक्रांत येते, तिला ओडिशात महाविषुव किंवा पणा संक्रांत म्हणतात आणि तिथूनच ओडियांचे नवे वर्ष सुरू होते. त्या दिवशी बेलफळाचे पन्हे पितात आणि वैशाखातल्या उन्हाने तुळस करपू नये म्हणून तिच्यावर गळते मडके टांगतात. पुढे जूनच्या मध्याला, मिथुन संक्रांतीच्या सुमारास, ‘रज’ येतो. पावसाच्या तोंडावर भूमी रजस्वला होते ही त्यामागची कल्पना. तीन दिवस नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही. मुली नवे कपडे घालून झोके घेतात, घरोघरी पोडपिठा भाजला जातो आणि चौथ्या दिवशी वसुमतीला स्नान घालतात. जे विटाळ म्हणून बाजूला सारले जाते, त्याच गोष्टीचा येथे सण होतो, आणि मला ओडिया दिनदर्शिकेतले हे सर्वांत उदार पान वाटते. संक्रांतीच्या हिशेबातही ओडिशाची स्वतःची रीत आहे. सूर्य ज्या दिवशी राशी बदलतो त्याच दिवशी ओडिया सौरमास सुरू होतो, तर शेजारच्या बंगालात तो पुढच्या दिवशी. त्यामुळे बंगाली नववर्ष सहसा एक दिवस मागून येते.

ओडिशाच्या गंग राजांच्या काळापासून वर्षे मोजण्याचे काम राजसत्तेशी जोडले गेले. ‘अंक’ या पद्धतीत गजपती राजाच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजतात, परंतु सरळ क्रमाने नाही. एक हा आकडा वगळायचा, सहाने संपणारे सर्व आकडे वगळायचे आणि दहा सोडून शून्याने संपणारे सर्व आकडेही वगळायचे. म्हणून राज्याचे पाचवे वर्ष सातवा अंक ठरते आणि दहावे वर्ष बारावा. अंक बदलतो भाद्रपद शुद्ध द्वादशीला, म्हणजे आपल्याकडे वामनद्वादशी असते त्या दिवशी. तिकडे तिला ‘सुनिया’ म्हणतात. राज्ये गेली, तरी अंक पांजीत राहिला. १७५१ ते १८०३ या काळात ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि जगन्नाथ मंदिराची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. त्याच काळात कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढला अरुणस्तंभ पुरीला आणून सिंहद्वारासमोर उभा केला गेला. मराठ्यांनी खांब हलवला. पुरीची कालगणना होती तशीच राहिली.

मंदिर तिथीवर चालते आणि राजा अंकावर, पण बायकांनी आपले उपास वारावर बांधले. भाद्रपदातल्या रविवारी कुमारिका खुदुरुकुणी ओषा करतात आणि तअपोईची गोष्ट ऐकतात: सात भाऊ व्यापारासाठी समुद्रावर गेलेले, घरी भावजया धाकट्या नणंदेला कण्या खायला घालून शेळ्या राखायला पाठवणाऱ्या. मार्गशीर्षातल्या दर गुरुवारी माणबसा असते. भाताने भरलेले वेताचे माप मांडून त्यात लक्ष्मीची पूजा होते, अंगणापासून देव्हाऱ्यापर्यंत तांदळाच्या पिठाची पावले उमटतात आणि ‘लक्ष्मीपुराण’ वाचले जाते. ते लिहिणारा बलराम दास ‘पंचसखा’ म्हणवल्या जाणाऱ्या पाच ओडिया भक्तकवींपैकी एक. काळ साधारण पंधराशेच्या आगेमागे. त्याची लक्ष्मी श्रिया चांडाळणीच्या घरी जाते. बलभद्राच्या सांगण्यावरून जगन्नाथ तिला मंदिराबाहेर काढतो, मग दोघे भाऊ अन्नाला मोताद होऊन दारोदार फिरतात आणि शेवटी तिच्याच हातचे जेवतात. परत येताना ती अट घालते की महाप्रसाद घेताना जात पाहायची नाही. ही कथा पाचशे वर्षे बायकांच्या तोंडून दर वर्षी घराघरांत ऐकवली गेली, हे मोठेच काम आहे. मार्गशीर्षातला गुरुवार महाराष्ट्रालाही परका नाही, फक्त ओडिया महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. त्यामुळे २०२२ साली तिथला पहिला गुरुवार १० नोव्हेंबरला होता, आपला २४ नोव्हेंबरला.

तिथी मात्र वारासारखी सोपी नसते. शतकानुशतके जुनी सूत्रे वापरत गेले की चंद्र आणि ग्रह गणितापासून सरकतात आणि व्रते भलत्या दिवशी पडतात. हे खंडपड्याच्या एका मुलाने ओळखले. चंद्रशेखर सिंह सामंत, लोकांच्या तोंडी पठाणी सामंत, १८३५ साली जन्मले. इंग्रजी नाही, दुर्बीण नाही; बांबूच्या नळ्या आणि काठ्या जोडून त्यांनी मानयंत्र बनवले आणि रात्रीमागून रात्री आकाश मोजले. चंद्राच्या गतीतले तीन सूक्ष्म फेरफार त्यांनी स्वतंत्रपणे शोधून तुंगांतर, पाक्षिक आणि दिगंश अशी त्यांना नावे दिली. १८६९ च्या सुमारास ‘सिद्धांतदर्पण’ ओडिया लिपीत ताडपत्रावर पुरा झाला. छापून यायला १८९९ साल उजाडले, तेही कटकच्या रेव्हनशॉ कॉलेजातील प्राध्यापक योगेशचंद्र राय यांच्या खटपटीमुळे. आपल्या ज्योतिषाचा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित त्याआधीच, १८९८ साली वारले होते. सामंतांना मात्र हयातीतच मोठे समाधान लाभले: पुरीच्या मंदिराने आपले विधी त्यांच्या गणितानुसार ठरवायला घेतले. पुढे छापखान्यांनी ते गणित कोहिनूरसारख्या पांज्यांतून गावोगाव पोहोचवले.

स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभरच्या पंचांगांची छाननी केली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ओडियांचे सण तरीही पांजीनेच चालले. बदल आला तो पश्चिम ओडिशात. नव्या भाताचा सण नुआखाई पूर्वी जागोजागी वेगवेगळ्या दिवशी होई, कारण पीक आणि मुहूर्त दोन्ही पाहावे लागत. १९९१ साली सर्वांसाठी भाद्रपद शुद्ध पंचमी ठरली, म्हणजे आपली ऋषिपंचमी. पोटासाठी दूर गेलेल्या माणसाला आता आधीच रजा मागता येते, ही सोय खरी. पण ही तिथी लोंब्या पाहून ठरत नाही, आणि पंचमी लवकर आली की नवे धान्य शोधावे लागते. दिवस नेमलेला असला तरी घटका अजून दर वर्षी ज्योतिषीच काढतात. संबलपूरला त्या घटकेला समलेश्वरीला नवान्नाचा नैवेद्य दाखवतात आणि मगच घरोघरची पाने वाढली जातात.